‘सूर्यफुले’ आणि त्यांच्या हाताने रंगवलेल्या प्रती

हाताने रंगवलेली म्हणून विकली जाणारी फुलांची तैलचित्रे पाहायला घेतली, तर त्यांत व्हिन्सेंट व्हॅन गॉगची ‘सूर्यफुले’ हटकून सापडतात. ‘प्रत’ म्हटले की आपल्या मनात लगेच कमीपणाची भावना येते. या चित्राच्या पहिल्या प्रती मात्र खुद्द चित्रकारानेच केल्या होत्या, आणि पुढचा सगळा इतिहास तिथूनच पाहायला हवा.

दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे ऑगस्ट १८८८ मध्ये व्हॅन गॉगने आठवडाभरात सूर्यफुलांची चार चित्रे काढली. मित्र पॉल गोगँ राहायला येणार होता आणि घर सजवायचे होते. फुले लवकर कोमेजतात, त्यामुळे सूर्योदयापासून कामाला लागावे लागते आणि सगळे एका दमात पुरे करावे लागते, असे त्याने भाऊ थिओला कळवले. त्या चारांपैकी पिवळ्या पार्श्वभूमीवर पिवळी फुले असलेले चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. १८८८च्या डिसेंबरअखेरीस दोघांचे बिनसले आणि गोगँ निघून गेला. पण काही आठवड्यांतच त्याने नेमके हेच चित्र मागितले. व्हॅन गॉगला ते हातचे सोडायचे नव्हते. जानेवारी १८८९ मध्ये त्याने ऑगस्टमधल्या दोन चित्रांवरून दोन नव्या प्रती रंगवल्या, ज्या आता अ‍ॅम्स्टरडॅम आणि फिलाडेल्फिया येथे आहेत. जानेवारीत सूर्यफुले कुठली? समोर होते ते स्वतःचेच चित्र. अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रतीत वरचे फूल काठाला भिडू लागले, तेव्हा त्याने वरच्या कडेला लाकडाची अरुंद पट्टी ठोकली आणि रंगकाम तिच्यावरही चालू ठेवले. नक्कल उतरवणारा माणूस एवढी यातायात करत नाही.

तोक्योतील तिसऱ्या प्रतीवरून बराच वाद झाला. हे व्हॅन गॉगचे काम नसून त्याच्या चित्रांचा एक जुना मालक आणि चित्रकार शुफनेकर याने केलेली नक्कल आहे, असा आक्षेप घेतला गेला. व्हॅन गॉग संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी मात्र ते अस्सल ठरवले. ते ज्या जाड्याभरड्या तागाच्या कापडावर आहे, त्याचा तागा गोगँने आर्लमध्येच विकत घेतला होता, हा त्यातला महत्त्वाचा दुवा.

पुढे व्हॅन गॉगने फ्रेंच चित्रकार मिले याच्या चित्रांच्या कृष्णधवल छापांवरून तैलचित्रे केली आणि आपल्या या कामाची तुलना दुसऱ्याची रचना वाजवणाऱ्या वादकाशी केली. बंदिश एकच, पण गाणाऱ्यागणिक तिचा रंग बदलतो, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. अशा कामाला युरोपात मानाचे स्थानही होते. १७९३ मध्ये खुल्या झालेल्या लूव्र संग्रहालयात चित्रकारांना मूळ चित्रासमोर बसून प्रती करता येत, आणि आजही येतात. अट एवढीच की प्रत मुळापेक्षा निदान एक पंचमांशाने लहान वा मोठी असावी आणि मूळ चित्रकाराची सही तिच्यावर उतरवू नये. प्रत आणि बनावट चित्र यांतली सीमारेषा या दोन अटींनी स्पष्ट होते.

या कामाचा व्यापार झाला तो चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कॅन्टनच्या, म्हणजे आजच्या ग्वांगझोच्या, कारखान्यांतून परदेशी व्यापाऱ्यांसाठी तैलचित्रे आणि युरोपीय चित्रांच्या प्रती तयार होत. पुढे हा धंदा हाँगकाँगमध्ये वाढला आणि तिथून १९८९ मध्ये ह्वांग च्यांग हा व्यावसायिक चित्रकार स्वस्त जागेच्या आणि मजुरीच्या शोधात शेनझेनलगतच्या दाफेन या खेड्यात वीसेक सहकाऱ्यांसह आला. त्याआधी दोनच वर्षे, ३० मार्च १९८७ रोजी, तोक्योचे ते ‘सूर्यफुले’ लंडनच्या लिलावात सुमारे अडीच कोटी पौंडांना विकले गेले होते, आणि लिलावात कोणत्याही चित्राला तोवर एवढी किंमत आलेली नव्हती. मूळ चित्र दुर्मीळ आणि प्रत मात्र कोणीही करावी, अशी ही स्थिती होती, कारण चित्रकार १८९० मध्येच वारल्याने स्वामित्वहक्क कधीच संपला होता. जेमतेम अर्धा चौरस किलोमीटरच्या दाफेनमध्ये पुढे हजारो चित्रकार काम करू लागले. भिंतीवर एकाच चित्राचे कॅनव्हास ओळीने टांगायचे आणि एक रंग सगळ्यांवर लावून मगच पुढचा घ्यायचा, ही तिथली सरावाची पद्धत. २००८च्या मंदीत परदेशी मागणी आटली, तेव्हा अनेकांनी देशी गिऱ्हाइकांकडे मोर्चा वळवला. या कारागिरांचा हात मी कमी लेखणार नाही. पाकळ्यांचा जाड थर कुंचल्याने उचलून ठेवणे सरावाशिवाय जमत नाही.

अडचण वेगळीच आहे. त्यांच्यासमोर छापील चित्र असते, आणि मूळ चित्राचा रंगही आता जागचा राहिलेला नाही. व्हॅन गॉगने वापरलेला क्रोम यलो हा शिशाचा रंग. त्यातला एक प्रकार उजेडाने तपकिरी होतो. अ‍ॅम्स्टरडॅमच्या चित्रात हा बदल प्रयोगशाळेत तपासला गेला आहे आणि ते चित्र आता बाहेरगावी पाठवायचे नाही, असे २०१९ मध्ये ठरले. म्हणजे प्रतीत उतरतो तो १८८९चा पिवळा नव्हे.

तैलप्रतींचा प्रयत्न आपल्याकडेही झाला होता. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांतल्या बऱ्याच लंडनमध्ये लागलेल्या एका आगीत जळाल्या. तिथे मूळ चित्रे निदान लेण्यांत उरली. ऑगस्ट १८८८च्या चारांपैकी एक चित्र, गडद निळ्या पार्श्वभूमीचे, जपानमधील अशिया (Ashiya) या गावी एका खासगी संग्रहात होते आणि ६ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकी बॉम्बहल्ल्यात ते जळाले. त्याची प्रत करायला बसणाऱ्या चित्रकाराला आज जुन्या छापील चित्रावरच भिस्त ठेवावी लागते.