रंगीत प्रिंटरचं घोडं अडलं ते काळ्यापाशी

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घरच्या कॉम्प्युटरवरून रंगीत काही काढायचं तर स्वस्तातला मार्ग होता पेन प्लॉटर, म्हणजे पेननं कागदावर रेघा ओढणारं यंत्र. कमोडोरचा १५२० हा त्यातला गाजलेला. अरुंद कागदाची गुंडाळी आणि काळं, निळं, हिरवं, लाल अशी चार चिमुकली बॉलपेनं. आलेख सुरेख निघायचे, पण एखादा भाग रंगवायचा म्हटलं तर पेन रेघोट्या ओढत बसायचं.

मग रंग रिबनवर आला. एपसनचा जेएक्स-८०, ॲपलचा १९८५चा इमेजरायटर २ हे मूळचे नऊ पिनांचे डॉट मॅट्रिक्स, म्हणजे शाईच्या रिबनवर पिना ठोकून ठिपक्यांनी छापणारे प्रिंटर. त्यांत काळ्या रिबनऐवजी काळा, लाल, निळा आणि पिवळा असे चार आडवे पट्टे असलेली रिबन घालायची. हवा तो पट्टा पिनांसमोर यावा म्हणून रिबन वर-खाली सरके. पिवळ्यावर निळा ठोकला की हिरवा. युक्ती चांगली होती, पण गडद शाई लागलेल्या पिना पिवळ्या पट्ट्यावर आपटत आणि तो हळूहळू मळत जाई. रिबन जुनी झाली की पिवळ्याचा शेवाळी व्हायचा. गंमत म्हणजे ॲपलच्याच तेव्हाच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरचा पडदा काळा-पांढरा होता, पण त्याच्या क्विकड्रॉ या चित्रप्रणालीत आठ रंगांची सोय सुरुवातीपासून होती. त्यामुळे लाल निवडला तरी तो प्रत्यक्ष दिसायचा कागदावरच.

खरी कलाटणी उष्णतेनं दिली. १९७७मध्ये जपानच्या कॅननमध्ये तापलेली सोल्डरिंगची सळई शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि शाई फर्रकन बाहेर उडाली. पुढच्या एक-दोन वर्षांत एचपीचे संशोधकही स्वतंत्रपणे त्याच तत्त्वापाशी पोचले. नोझलमागचा, म्हणजे शाईच्या बारीक भोकामागचा, सूक्ष्म हीटर काही मायक्रोसेकंदांत शाईची वाफ करतो, बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. पिना नाहीत, म्हणून कर्कश खडखडाटही नाही. १९८४चा एचपी थिंकजेट याच तत्त्वावर चाले, पण फक्त काळा.

रंग आणला १९८७च्या पेंटजेटनं. १८० डीपीआय, म्हणजे इंचाला १८० ठिपके, किंमत १,३९५ डॉलर. काळ्याचं कार्ट्रिज वेगळं आणि तीन रंगांचं वेगळं, ही मांडणी अगदी शहाणपणाची. अडचण होती कागदाची. चांगला रंग उठायला खास लेप दिलेला कागद लागे, साध्या कागदात शाई फुटायची.

१९९१च्या डेस्कजेट ५००सीनं साधा कागद आणि ३०० डीपीआय दोन्ही साधलं, किंमतही १,०९५ डॉलरवर आली. पण हा मुळात काळ्या डेस्कजेट ५००चाच भाऊ, त्यामुळे कार्ट्रिजला जागा एकच. रंगीत कार्ट्रिज बसवलं की काळा हवा तिथे तिन्ही शाया एकावर एक पडत. त्यातून निघे तो मळकट करडा-तपकिरी, शिवाय तिप्पट शाईनं कागद ओला होई तो वेगळाच. नुसतं पत्र छापायचं तर झाकण उघडा, रंगीत कार्ट्रिज काढा, काळं घाला. ऑफिसात दिवसातून चार वेळा हे कोण करणार? माझ्या मते रंगीत प्रिंटर रोजच्या कामाचा झाला तो पुढच्या वर्षीच्या ५५०सीमुळे, कारण त्यात दोन्ही कार्ट्रिज शेजारी-शेजारी बसली.

रंगीत लेझरही तोवर येत होते, पण चार टोनरांचा, म्हणजे शाईच्या चार रंगीत पुडींचा, तो कारभार महागडा. एचपीच्या १९९४च्या कलर लेझरजेटची किंमत ७,२९५ डॉलर होती, म्हणजे घरगुती ग्राहकाचा विषयच संपला. त्याच वर्षी एपसननं स्टायलस कलर आणला. हीटरऐवजी विजेनं आकार बदलणारा पिझो स्फटिक थेंब ढकलायचा, ७२० डीपीआयपर्यंत. फोटो छापण्याची भाषा इथून सुरू झाली. पण ते ७२० डीपीआय पाहायचे तर पुन्हा लेपाचा कागद आणावा लागे.