शासकीय महापूजा (पंढरपूर)

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे आषाढी एकादशीच्या पहाटे राज्य शासनातर्फे होणारी विठ्ठल-रुक्मिणीची पूजा. मुख्यमंत्री ती सपत्नीक करतात. कार्तिकीचा मान सामान्यतः उपमुख्यमंत्र्यांकडे असतो.

पूजेच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते पेशवाईतील नेमणूक (देवस्थानाला ठरवून दिलेली रक्कम) हे तिचे मूळ, तर काही जण ते सातारकर छत्रपतींच्या काळात शोधतात. इंग्रज अमदानीत ही नेमणूक कलेक्टरमार्फत चालू राहिली, असे सांगितले जाते. मात्र देवस्थानाला पैसा देणे आणि राज्यकर्त्याने स्वहस्ते अभिषेक करणे या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली जुनी, दुसरी, आजच्या रूपात, १९६० नंतर रूढ झाली असे मानणे अधिक सयुक्तिक.

संविधानाच्या उद्देशिकेतील ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द ४२व्या घटनादुरुस्तीने (१९७६) आला; हिंदी पाठात तेथे ‘पंथनिरपेक्ष’ आहे. राज्याने ऐहिक व्यवहारापुरते राहावे, असे मानणाऱ्या इहवाद्यांना ही पूजा विसंगत वाटते. सर्वधर्मसमभावाच्या बाजूने लोकपरंपरेचा आदर हा युक्तिवाद केला जातो. तो पूजेची लोकप्रियता सांगतो, तिचे घटनात्मक समर्थन करीत नाही.

मंदिराच्या कारभारातील राज्याच्या हस्तक्षेपाचे तसे नाही. अस्पृश्यांना विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये येथे उपोषण केले. संविधानाचा अनुच्छेद २५(२) राज्याला धर्मसंस्थेच्या ऐहिक व्यवहारांचे नियमन आणि हिंदू देवस्थाने सर्व हिंदूंना खुली करणे, दोन्हींची मुभा देतो. पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ ने बडवे-उत्पातांचे (मंदिरातील पिढीजात पुजाऱ्यांचे) वंशपरंपरागत हक्क संपवले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पायावर डोके टेकण्याचा हक्क जातीवर अवलंबून राहू नये, यासाठी राज्याने गाभाऱ्यापर्यंत जाणे तटस्थतेशी विसंगत नाही. तटस्थतेची ती अट आहे.

पूजेच्या वेळी दर्शनबारीतील एक वारकरी दांपत्य मुख्यमंत्र्यांशेजारी बसते. बारीत तासन्‌तास तिष्ठलेल्या या मानाच्या वारकऱ्यांना विठ्ठल-रुक्मिणीची मूर्ती आणि एसटीचा वर्षभराचा मोफत पास मिळतो. लोकशाही राज्याच्या दृष्टीने संपूर्ण विधीतील हाच भाग सर्वांत अर्थपूर्ण म्हणावा लागेल.

सोलापूर शहरातील सिद्धेश्वर यात्रेत (जानेवारी) अशी शासकीय पूजा नाही. नंदीध्वजांचा (मिरवणुकीतील उंच सजवलेल्या काठ्यांचा) मान परंपरागत मानकऱ्यांचा आणि व्यवस्था देवस्थान पंच कमिटीची. प्रशासनाकडे रस्ते, पाणी आणि बंदोबस्त.