सणांच्या तारखा, सरकारी सुट्ट्या आणि स्थलांतर : पार्श्वभूमी

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत येळवस साजरी होते. रब्बीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप उभारून तिच्यात पांडवांची पूजा केली जाते, आणि भज्जी, उंडे व आंबील यांचे जेवण नात्यागोत्यासह शेतातच होते. राज्याच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत हा दिवस नसल्यामुळे जिल्हाधिकारी आपल्या अधिकारात त्यासाठी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. सण परंपरेने ठरतो आणि सुट्टी सत्ता ठरवते, हा भेद या एका दिवसात स्पष्ट दिसतो. एकाच धर्माचे सण निरनिराळ्या देशांत इतक्या निराळ्या रूपांत का दिसतात, हे समजून घेण्यासाठी तो भेद लक्षात ठेवावा लागतो.

मुळाशी प्रश्न कालगणनेचा आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणजे ते ऋतुचक्रापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान पडते. आपल्या पंचांगकर्त्यांनी साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास धरून हा फरक भरून काढला, म्हणूनच जावयाला वाण देण्याचा धोंड्याचा महिना येतो आणि दिवाळी नेहमी शरदातच राहते. ज्यू कालगणनेत १९ वर्षांत ७ अधिक महिने धरले जातात. त्यामुळे त्यांचा सुक्कोथ हा सुगीचा सणही आपला ऋतू सोडत नाही. त्या सणात फांद्या आणि पानांनी शाकारलेल्या मांडवात सात दिवस जेवण्याची प्रथा आहे. येळवशीच्या कोपीशी त्याचा ऐतिहासिक संबंध जोडण्यास आधार नाही, परंतु शेती करणाऱ्या समाजांनी धान्याच्या दिवसांत घराबाहेर, झावळ्या-कडब्याखाली बसून देवाचे स्मरण करावे, हे साम्य मनाला भिडल्यावाचून राहत नाही.

हिजरी कालगणनेत अधिक महिना निषिद्ध मानला असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. मराठवाड्यातील ज्या माणसाने वैशाखाच्या उन्हात रोजे धरले, त्यालाच पुढे हिवाळ्याच्या लहान दिवसांत ते धरायला मिळतात. ईदचे स्वरूपही देशागणिक बदलते. इंडोनेशियात लक्षावधी लोक शहरे सोडून मूळ गावी परततात, तर तुर्कस्तानात मुले घरोघरी जाऊन थोरांच्या हाताचे चुंबन घेतात आणि मिठाई मिळवतात.

ख्रिस्ती जगात इस्टरची तारीख वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेशी जोडली गेली. ती सर्वत्र एकाच रविवारी पाळावी, असा आग्रह इसवी सन ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदेत धरला गेला. पुढे १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी कॅलेंडर सुधारले आणि ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरण्यात आला. पूर्वेकडील अनेक चर्चनी धार्मिक दिवसांसाठी जुनी गणना सोडली नाही, त्यामुळे रशिया आणि सर्बियात नाताळ आजही ७ जानेवारीला येतो. युक्रेनने मात्र २०२३ मध्ये कायदा करून तो २५ डिसेंबरला आणला, आणि त्या निर्णयामागे धर्मशास्त्राइतकेच रशियाशी चाललेले युद्ध होते. नाताळ जगभर निर्विवाद साजरा होत आला, हा समजही इतिहासाला धरून नाही. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीने १६५९ मध्ये तो साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला होता आणि ती बंदी १६८१ पर्यंत टिकली. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये सुरू झाली.

कालगणनेचा असा वाद आपल्या नांदेडपर्यंतही पोहोचलेला आहे. कॅनडातील पाल सिंग पुरेवाल यांनी शिखांसाठी मांडलेले सौर नानकशाही कॅलेंडर शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने २००३ मध्ये स्वीकारले, परंतु नांदेडच्या तख्त हुजूर साहिबने जुन्या बिक्रमी, म्हणजे विक्रम संवताच्या, गणनेनेच गुरुपर्व पाळणे चालू ठेवले.

सत्ता बदलली की सुट्टी कशी बदलते, हे मराठवाड्याने स्वतः अनुभवले आहे. निजामाच्या संस्थानात महसुली व्यवहार फसली सनाने चालत आणि कचेऱ्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि पुढे हा प्रदेश रविवारच्या सुट्टीच्या व्यवस्थेत आला. श्रीलंकेचा अनुभव उलट दिशेचा आहे. तेथे १९६६ मध्ये रविवारऐवजी चंद्रकलांनुसार येणारे पोया दिवस साप्ताहिक सुट्टीचे ठरवण्यात आले. बाहेरच्या जगाशी व्यवहाराचा मेळ बसेना, म्हणून १९७१ मध्ये रविवार परत आला. तरीही प्रत्येक पौर्णिमा तेथे आजही सार्वजनिक सुट्टीची असते. वैशाख पौर्णिमेची सुट्टी मात्र त्याआधीच, १८८५ मध्ये, ब्रिटिश सरकारकडून मिळवलेली होती. बौद्ध ध्वजही त्याच वर्षी त्याच दिवशी कोलंबोत प्रथम फडकला, आणि तोच पंचरंगी ध्वज आज मराठवाड्याच्या गावोगावी बुद्धविहारांवर दिसतो. जपानने १८७३ पासून ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारल्यामुळे तेथे बुद्धजयंती चौथ्या चांद्र महिन्याच्या आठव्या दिवसापासून सुटली आणि ८ एप्रिलला स्थिरावली.

या सगळ्यात मला मोहरमचा इतिहास सर्वांत बोलका वाटतो. इराणमध्ये आशुरा, म्हणजे मोहरमचा दहावा दिवस, हा गाढ शोकाचा आहे आणि इमाम हुसेन मारले गेले तो करबलाचा प्रसंग ताजिया या नाट्यातून उभा केला जातो. मोरोक्कोत त्याच दिवशी मुलांना खेळणी आणि ढोलकी मिळतात. मराठवाड्याच्या कित्येक खेड्यांत सवाऱ्या, म्हणजे मोहरमची निशाणे, उठतात आणि अलाव्याभोवती, म्हणजे विस्तवाच्या खड्ड्याभोवती, फेर धरला जातो. नवस बोलणाऱ्यांत हिंदू कुटुंबेही असतात, आणि काही ठिकाणी तर गावात मुस्लिम घर मोजकेच असताना परंपरा गावाने सांभाळलेली आहे.

हाच मोहरम १८४५ पासून भारतातून नेलेल्या करारबद्ध मजुरांबरोबर वेस्ट इंडीजमधील त्रिनिदादला पोहोचला आणि तेथे 'होसे' या नावाने रुजला. ताशांच्या गजरात ताबुतांची मिरवणूक काढून शेवटी ते समुद्रात विसर्जित करण्याच्या या प्रथेत हिंदू मजूर मोठ्या संख्येने सामील होत, आणि उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्यांना एकत्र येण्याचा तो एक मोठा प्रसंग होता. मजुरांच्या एकजुटीची धास्ती घेतलेल्या वसाहत सरकारने मिरवणुकींना शहरात येण्यास बंदी केली. ३० ऑक्टोबर १८८४ ला सान फर्नांडोजवळ ती बंदी मोडून पुढे सरकणाऱ्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि अनेक मजूर मारले गेले.

मजुरांच्या वंशजांनी अशा वसाहतींत पुढे राजकीय बळ मिळवले तेव्हा त्यांच्या सणांना सरकारी मान्यता मिळू लागली. मॉरिशसमध्ये कोकणातून गेलेल्या मराठी भाषकांचा गणेशोत्सव टिकला आणि गणेश चतुर्थी तेथे राष्ट्रीय सुट्टी झाली. त्रिनिदादमध्ये १९६६ पासून दिवाळीला सुट्टी आहे आणि ईदलाही आहे. ज्या होसेसाठी मजुरांनी प्राण दिले, त्याला मात्र अद्याप सुट्टी नाही. तरीही सेंट जेम्स आणि सेड्रोस येथे निरनिराळ्या धर्मांची माणसे दरवर्षी मोहरमात ताबूत बांधतात आणि रात्रभर ताशा वाजवतात.