शूटिंग आलं की पंचतारांकितांचीच चांदी?

म्हापशाच्या बाजारात हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकतो: सिनेमाचं युनिट गोव्यात उतरलं की चांदी पंचतारांकितांची, आम्हा लॉजवाल्यांना काय मिळणार? हा समज चुकीचा आहे.

हिरो-हिरॉइन समुद्र दिसणाऱ्या खोलीतच राहतात, मान्य. पण ते किती जण? लाइटमन, स्पॉटदादा, ड्रेसवाले, मेकअपवाले, ड्रायव्हर यांची संख्या त्यांच्या कितीतरी पट. ही मंडळी एका खोलीत दोघं-तिघं अशी साध्या लॉजमध्येच उतरतात. प्रॉडक्शनवाला खोलीआधी अंगण बघतो: जनरेटर व्हॅन वळेल का? मग विचारतो, पहाटे साडेचारला चहा मिळेल का? एक खोली निव्वळ कपड्यांसाठी जाते. तिथे दिवसभर इस्त्री चालते आणि विजेचं बिल आपल्या माथी येतं, तेव्हा दर ठरवतानाच ते बोलून घ्यावं. आगाऊ रक्कमही घ्यावी, कारण शूटिंग रद्द झालं तर अख्खा मजला एका रात्रीत रिकामा होतो.

इफ्फीचं, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं, गणित वेगळं. 2004 पासून हा महोत्सव पणजीत भरतो, बहुधा नोव्हेंबरात. पास गळ्यात अडकवून फिरणारा रसिक कला अकादमी या महोत्सवस्थळापासून चालत जाता येईल अशी स्वस्त खोली शोधतो.

वर्षअखेरीला खोल्या भरण्याचं संगीत महोत्सवांना मिळणारं श्रेय मात्र जरा फुगवलेलंच. 2007 मध्ये गोव्यात सुरू झालेला सनबर्न हा नृत्य-संगीताचा महोत्सव 2016 ला पुण्याला गेला होता. नाताळ आणि नववर्षाची गर्दी मुळात महोत्सवाच्या तिकिटावर अवलंबून नाही.