घरचा केक, नानखटाई विकायचीय? अन्न नोंदणीचा अर्ज नेमका कुठे अडकतो

सांगलीत विश्रामबागच्या फ्लॅटमधून वाढदिवसाचे केक जातात, कराडात घरी भाजलेली नानखटाई किराणा दुकानाच्या बरणीत बसते, तासगावात बेदाणे घातलेला रव्याचा केक लग्नाच्या रुखवतापर्यंत पोचतो. हात बसलेला असतो, गिऱ्हाईक ठरलेलं असतं. मग एक दिवस दुकानदार म्हणतो, "ताई, पाकिटावर नंबर टाका, नाहीतर मला ठेवता येणार नाही." तिथून 'फूड लायसन'ची धावपळ सुरू होते आणि महिना-दीड महिन्याने स्क्रीनवर 'रिजेक्टेड' एवढा एकच शब्द दिसतो.

घरगुती बेकिंगवाल्यांना बहुतेक वेळा लायसन लागतच नाही, लागते ती नोंदणी. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ३१ मध्ये छोट्या उत्पादकाला परवान्यातून सूट आहे, नोंदणी मात्र सक्तीची आहे. २०११ च्या नियमावलीने ही रेघ वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीवर आणि दिवसाला १०० किलो उत्पादनक्षमतेवर ओढली. रेघ थोडी पुढेमागे झाली तरी घरचा ओव्हन तिच्या बराच अलीकडे राहतो. अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवर जी मर्यादा दिसेल ती धरा आणि पुढे चला.

एका शब्दाची ही चूक महागात पडते. सायबर कॅफेत जाऊन "लायसन काढायचंय" म्हटलं की कॅफेवाला परवान्याचा अर्ज उघडतो. त्यात जागेचा नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल असं सगळं मागितलेलं असतं. बाई बिचारी बोअरच्या पाण्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेचा पत्ता विचारत फिरते. नोंदणीच्या यादीत यातलं काहीच नाही. तिथे अर्जदाराचा फोटो, सरकारी ओळखपत्र आणि ओळखपत्रावरचा पत्ता वेगळा असेल तर जागेचा पुरावा, एवढंच. कॅफेत जाऊन 'नोंदणी, फॉर्म ए' असंच म्हणायचं. 'फॉर्म बी' म्हणजे परवान्याचा अर्ज, तो शब्द ऐकू आला की थांबवायचं.

अर्ज 'फॉसकॉस' या सरकारी पोर्टलवरच होतो. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर ती साइट एजंटची. रंगरूप हुबेहूब सरकारी असतं आणि 'सर्व्हिस चार्ज' नोंदणीच्या फीच्या कितीतरी पट. त्याच नियमावलीत नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये ठेवलेली आहे, त्यावरून काय ते समजा.

आता जो कागद कुणाकडेच नसतो, त्याकडे येऊ. जागेचा पुरावा.

अर्जदार बहुतेक वेळा घरातली सून. घर सासऱ्यांच्या नावावर, लाइटबिल अजून वारलेल्या आजेसासऱ्यांच्या नावाने येतं आणि तिच्या आधारवर माहेरचा पत्ता, कधी कधी माहेरचं नावसुद्धा. माहेर कोरेगावचं, ओव्हन साताऱ्यातल्या गोडोलीत. अर्जात गोडोलीचा पत्ता आणि जोडलेल्या ओळखपत्रावर कोरेगावचा, म्हणजे अर्ज परत आलाच. इथे दोन वाटा आहेत. घाई असेल तर आहे त्याच ओळखपत्रावर अर्ज करा आणि सोबत सासऱ्यांचं संमतीपत्र जोडा: घर माझ्या नावावर आहे, सुनेने स्वयंपाकघरात बेकरी पदार्थ तयार करून विकायला माझी हरकत नाही. खाली सही, तारीख, त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि घरपट्टीची चालू पावती. कोऱ्या कागदावर लिहून सुरुवात करा. मागितल्याशिवाय स्टॅम्पपेपरवर पैसे घालू नका. लाइटबिल वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर ते जोडूच नका, घरपट्टी जोडा. मेलेल्या माणसाची संमती कुठून आणणार?

दुसरी वाट आधार दुरुस्तीची. कुटुंबप्रमुखाच्या आधारावर पत्ता बदलायची ऑनलाइन सोय २०२३ पासून आहे. नातं दाखवणारा कागद, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा दोघांची नावं असलेलं रेशनकार्ड, अपलोड करायचं आणि कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या लॉगिनमधून ३० दिवसांत 'मान्य' करायचं. सासऱ्यांच्या आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर विनंती तशीच पडून राहते आणि मुदत संपली की बंद होते. म्हणून आधी त्यांचा मोबाइल जोडून घ्या, मग विनंती टाका.

गावाकडच्यांची वेगळीच गफलत होते. जागेचा पुरावा म्हटलं की हात आपोआप तलाठ्याच्या आठ-अ कडे नाहीतर सातबाऱ्याकडे जातो. ते शेतजमिनीचे कागद आहेत, घराचे नाहीत. घरासाठी लागतो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीचा उतारा, आणि तो ग्रामसेवकाकडे मिळतो. दोन्हींत आठ आहे, एवढ्यावर अर्ज परत येतात. नदीकाठच्या ज्या घरांचे कागद २०१९ किंवा २०२१ च्या पुरात भिजले त्यांनी शाई पसरलेल्या पावतीचा फोटो चढवू नये. महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंद असते, चालू वर्षाची कर भरल्याची पावती नव्याने घ्या. अधिकाऱ्याला वाचता येत नाही तो कागद त्याच्या लेखी जोडलेलाच नसतो.

कागद झाले की अर्जातल्या रकान्यांकडे. नाव, पिनकोड यात शिकवण्यासारखं काही नाही, फक्त तालुका नीट निवडा. सांगली शहर मिरज तालुक्यात येतं हे ऐनवेळी आठवत नाही. चुकतं ते पुढच्या चार ठिकाणी.

'व्यवसायाचा प्रकार' हा पहिला. केक, बिस्किटं, खारी करून पाकिटात किंवा डब्यात घालून विकता म्हणजे तुम्ही उत्पादक आहात. 'किरकोळ विक्रेता' निवडलात तर नंबर मिळेलही, पण तो दुसऱ्याचा माल विकण्याचा. पदार्थांच्या यादीत बेकरीचा गट ७ क्रमांकाचा आहे. चकली, चिवडा, भडंग त्यात बसत नाहीत, त्यांच्यासाठी भारतीय मिठाई आणि फरसाणाचा वेगळा गट आहे. केकबरोबर दिवाळीत फराळ करत असाल तर दोन्ही आताच निवडा. नुसतं 'बेकरी आयटम' लिहू नका. स्पंज केक, नानखटाई, रवा केक, खारी अशी नावं घाला. फक्त दिवाळीपुरताच फराळ करणाऱ्यांनाही नोंदणी लागते. हंगामी धंदा कधी सुरू, कधी बंद, हे लिहायला फॉर्ममध्ये जागा आहे.

दुसरं, उत्पादनक्षमता. इथे माणसाला मोठं व्हायची हौस येते. कुणी ५०० किलो लिहितं, कुणी महिन्याचा आकडा दिवसाच्या रकान्यात टाकतं, आणि पोर्टलवरच्या मर्यादेच्या वर गेलं की नोंदणीचा अर्ज चालतच नाही. हिशोब ओव्हनवरून करा. २८ लिटरच्या ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनच्या, ट्रेमध्ये २५ ग्रॅमच्या साधारण १६ नानखटाया मोकळ्या बसतात, म्हणजे ४०० ग्रॅम. घाणा भाजायला आणि ट्रे निवायला मिळून अर्धा तास. चार तासांत आठ घाणे, ३ किलो २०० ग्रॅम. त्याच दिवशी अर्ध्या किलोचे चार केक धरले तरी सव्वापाच किलोच्या आत. 'दिवसाला ६ किलो' लिहायला लाजू नका. खोटा मोठा आकडा लिहून कर्ज मिळत नाही, उलट तपासणीला आलेला माणूस ओव्हन बघून हसतो.

तिसरं, उलाढाल. उलाढाल म्हणजे एकूण विक्री. मैदा, लोणी, गॅस वजा जाता उरलेला नफा नव्हे. महिन्याला ६०० रुपयांचे २० केक म्हणजे १२ हजार, वर्षाला १ लाख ४४ हजार. हा आकडा लिहायचा. नवीन धंदा असेल तर अंदाज चालतो, पण शून्य चालत नाही.

चौथं, विजेचा भार. 'किती हॉर्सपॉवर' असं विचारल्यावर बायका गोंधळतात, कारण घरात मोटार नसते. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, त्याला ७४६ ने भागा. १५०० वॅटचा ओव्हन म्हणजे जवळपास २ एचपी. ते नको असेल तर महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' किलोवॅटमध्ये छापलेला असतो, तो द्या. पाण्याच्या रकान्यात नळ, विहीर, बोअर जे असेल ते खरं लिहा. बोअर लिहिल्याने अर्ज नाकारला जात नाही.

आणि आता सगळ्यात जास्त अर्ज जिथे मरतात ती जागा: मोबाइल नंबर.

सायबर कॅफेवाला ओटीपीची कटकट नको म्हणून स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल घालतो. अर्ज जातो, फी भरली जाते, पावती मिळते, बाई घरी येऊन वाट बघते. चार दिवसांनी अधिकारी एखादी त्रुटी काढून अर्ज परत पाठवतो. ती सूचना कॅफेवाल्याच्या फोनवर शंभर मेसेजांखाली गाडली जाते. त्रुटीला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात आणि ते त्रुटी निघाल्या दिवसापासून मोजतात, तुम्हाला कळल्या दिवसापासून नव्हे. मुदत गेली की अर्ज रद्द, भरलेली फी गेली. कार्यालयात विचारलं तर "ऑनलाइन बघा" हे ठरलेलं उत्तर. एक फोन करून "अहो, संमतीपत्रावर सही राहिली" एवढं सांगायला कुणालाच वेळ नसतो. म्हणून नंबर स्वतःचा घाला, लॉगिन आणि पासवर्ड वहीत उतरवून घ्या आणि अर्ज केल्यावर दर दोन दिवसांनी उघडून बघा. 'रिव्हर्टेड', म्हणजे त्रुटीसाठी परत पाठवलेला, असं दिसलं तर घाबरू नका, ती नामंजुरी नाही. अधिकाऱ्याने इंग्रजीत काय लिहिलंय ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि मागितलेलं सगळं एकाच वेळी जोडा. तीन गोष्टी मागितल्या असताना एकच चढवली की फेरी वाढते.

'सात दिवस' या शब्दानेही लोक फसतात. नियम असा आहे: अर्ज मिळाल्यापासून ७ दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, किंवा कारण लेखी देऊन नाकारायची, किंवा तपासणीचा आदेश काढायचा. तपासणी ठरली तर ३० दिवसांत निर्णय. यातलं काहीच झालं नाही तर धंदा सुरू करता येतो, पुढे सुचवलेल्या सुधारणा मात्र कराव्या लागतात. तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय नोंदणी नाकारता येत नाही, हेही त्याच नियमात आहे. काउंटरवर कुणी सांगणार नाही. पण त्रुटी काढून अर्ज परत पाठवणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. सात दिवस झाले म्हणून नाचू नका, आधी लॉगिन बघा.

तपासणी झालीच तर स्वयंपाकघर हॉटेलसारखं असावं अशी अपेक्षा नसते. मैदा-रव्याचे डबे जमिनीवर न ठेवता फळीवर, झाकण घट्ट, आत सोनकिडे नाहीत. कचऱ्याच्या डब्याला झाकण. हात धुवायला साबण. फ्रिजमध्ये केकच्या क्रीमशेजारी उघडं कालवण नको. मांजर घरात असेल तर त्या वेळेपुरती नव्हे, कायमची स्वयंपाकघराबाहेर.

नोंदणी झाली की १४ आकडी नंबर मिळतो. पहिला आकडा २ असेल तर नोंदणी, १ असेल तर परवाना. पुढचे १५ म्हणजे महाराष्ट्र. अर्ज करताना मिळालेला १७ आकडी नंबर हा फक्त अर्जाचा संदर्भ क्रमांक. तो घेऊन हजार स्टिकर छापणारे दर वर्षी निघतात. दुकानदाराला फरक कळत नाही, तपासणीला आलेल्याला कळतो. स्टिकर छापण्याआधी आकडे बोट ठेवून मोजा.

स्टिकरवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने येतात: नानखटाईत मैदा, मग साखर-तूप जे जास्त असेल ते. वनस्पती तूप वापरून 'तुपातली' लिहू नका, 'हायड्रोजनेटेड वनस्पती तेल' असं स्पष्ट लिहा. गहू, दूध, अंडं, सुकामेवा यांचा वेगळा उल्लेख हवा. भडंग, चकली वर्तमानपत्रात बांधून देणं बंदच करा. शाई तेलात उतरते.

आणि अंडं. घरोघर अंड्याच्या केकवर हिरवा ठिपका लावलेला दिसतो, कारण 'केक तर व्हेजच असतो की'. लेबलच्या नियमात अंडं घातलेला पदार्थ मांसाहारी गटात जातो: तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. शेजारी 'यात अंडे आहे' असं लिहिता येतं आणि लिहावंच. अंड्याचा आणि बिनअंड्याचा, दोन्ही केक करत असाल तर स्टिकरचे दोन गठ्ठे वेगवेगळ्या डब्यात ठेवा. गुरुवार पाळणाऱ्या घरात चुकीचा ठिपका गेला, तर तक्रार कार्यालयात जायच्या आधी सगळ्या गल्लीत पोचते.