रिपोर्टवर बायरॅड्स ३ लिहिलंय? आधी हे वाचा, मग घरी फोन करा

आमच्या काउंटरवर मॅमोग्राफीचा (स्तनाच्या एक्स-रे फोटोचा) रिपोर्ट हातात पडला की बहुतेक बायका आधी शेवटची ओळ बघतात, तिथं बायरॅड्स ३ दिसलं की लगेच विचारतात, "म्हणजे तिसरी स्टेज का जी?" नाही हो ताई, अजिबात नाही. स्टेज ठरते कॅन्सर आहे हे पक्कं झाल्यावर. हा नंबर म्हणजे फोटो बघून डॉक्टरांना किती शंका वाटते त्याचा हिशोब आहे, दोन्हीचा आकडा ३ असला तरी एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण तोवर नागपुरातल्या धंतोलीच्या त्या पार्किंगच्या गर्दीत उभं राहून घरी फोन गेलेला असतो आणि तिकडं रडारड सुरू, म्हणून हा कागद छापलाय.

बायरॅड्स ही अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्ट लोकांच्या कॉलेजनं १९९३ मध्ये आणलेली पद्धत, जेणेकरून नागपूरचा रिपोर्ट मुंबईच्या डॉक्टरलाही तसाच समजावा. १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे आहे पण नक्की साधं, ५ म्हणजे कॅन्सरची शंका ९५ टक्के किंवा जास्त, आणि ६ ज्यांचा कॅन्सर बायोप्सीनं (सुईनं गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीनं) आधीच पक्का झालाय त्यांच्यासाठी. ४ मध्ये बायोप्सी सांगतात, त्याचे अ ब क असे तीन भाग आहेत, शंका २ टक्क्यांच्या वरपासून ९५ च्या आतपर्यंत कुठंही असू शकते, म्हणून ४ बघूनही एकदम हातपाय गाळू नका. आणि ० दिसला तर "झिरो आला, छान" म्हणून पेढे वाटू नका, ० म्हणजे तपासणी अर्धवट आहे, अजून फोटो, सोनोग्राफी किंवा जुने रिपोर्ट पाहिजेत.

आता ३. ३ म्हणजे बहुतेक साधी गाठ, कॅन्सर असण्याची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी. हा नंबर कोणी अंदाजानं टाकत नाही, म्हणजे टाकू नये. स्क्रीनिंगच्या (काही त्रास नसताना केलेल्या तपासणीच्या) पहिल्या फोटोवरून तो देत नाहीत, आधी त्याच जागेचे दाबून, मोठे करून फोटो घ्यायचे, गरज पडली तर सोनोग्राफी, मग ठरवायचं. साधारण तीन प्रकारांना ३ मिळतो: गुळगुळीत, स्पष्ट कडेची गाठ जिच्यात चुन्याचे (कॅल्शियमचे) कण नाहीत, एकाच बाजूला थोडं घट्ट दिसणारं टिश्यू, आणि एकाच ठिकाणी चुन्याच्या बारीक गोल कणांचा पुंजका. सोनोग्राफीत गाठ लांबट, आडवी, कडा साफ अशी असली की ती बहुतेक फायब्रोअ‍ॅडिनोमा निघते, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ, तरुण मुलींमध्ये ही खूप कॉमन. पण जुन्या फोटोत नव्हती आणि आता नवीन आली, किंवा होती ती वाढली, तर दिसायला कितीही सोज्वळ असो, तिला ३ म्हणून ठेवून देता येत नाही.

"मग सरळ बायोप्सीच काहून नाही करत?" हा प्रश्न बरोबर आहे. अशा १०० जणींना सुई टोचली तर ९८ किंवा जास्त जणींना ती उगाच टोचली जाईल, दुखणं, खर्च, आठवडाभर झोप नाही ते वेगळंच. १९९१ मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात अशा ३,१८४ केसेस नियमित फोटो काढून पाहिल्या, त्यात कॅन्सर निघाला १७ मध्ये. म्हणून थांबायचं, पण लक्ष ठेवून. ६ महिन्यांनी फक्त त्या बाजूचा फोटो (तेव्हा "एकाच बाजूचा काहून?" म्हणून भांडू नका), वर्ष झालं की दोन्ही बाजू, मग पहिल्या रिपोर्टपासून २ वर्षं झाली की परत. सगळं जसंच्या तसं राहिलं तर ३ चा २ होतो आणि वाढलं किंवा आकार बदलला तर ४ होतो, मग बायोप्सी. दसऱ्याला रिपोर्ट झाला तर गुढीपाडव्याच्या आसपास यायचं असं लक्षात ठेवा, आम्ही मेसेज टाकतोच पण नंबर बहुतेक वेळा मुलाचा किंवा जावयाचा दिलेला असतो आणि मेसेज तिथंच राहतो.

खरं सांगायचं तर ३ मध्ये आम्हाला गाठीची भीती कमी, न येण्याची जास्त. गडचिरोली, यवतमाळकडून येणाऱ्या ताईंना परत येणं खरंच जमणार नसेल, बाळाचा विचार चालू असेल, घरात आई-बहिणीला कॅन्सर झालेला असेल किंवा वाट बघणं सहनच होत नसेल तर आधीच स्पष्ट बोला, अशा वेळी ३ असूनही ट्रूकट बायोप्सी (जाड सुईनं गाठीचा तुकडा काढायची) करता येते, त्यात चूक काही नाही. आणि मधल्या काळात गाठ हाताला मोठी लागली, निपलमधून रक्तासारखं पाणी आलं, चामडीला खळी पडली तर ६ महिन्यांची वाट बघत बसू नका, उद्याच या.

पाळी चालू असलेल्यांनी पाळी आल्यावरच्या आठवड्यात यावं, दुखतं कमी. त्या दिवशी काखेत पावडर, डिओ काही नको, त्याचे कण फोटोत चुन्यासारखे दिसतात. जुन्या फिल्म आणि सीडी आणाच, नुसता रिपोर्टचा कागद नको, कारण तुलना फोटोची फोटोशी होते. आणि फिल्म मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात त्या काळ्या पडतात, कपाटात साड्यांखाली ठेवा.