नळीतले मीठ

पुण्याच्या जुन्या बाजारात काही वर्षांपूर्वी मला बोटभर लांबीची एक पितळी बाटली मिळाली. झाकण उघडल्यावर त्याला आतून जोडलेली पळीसारखी चपटी दांडी दिसली आणि ही ब्रिटिश सैन्याच्या ली-एनफिल्ड रायफलीच्या दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागात, ठेवण्याची तेलाची बाटली आहे, हे लगेच ओळखू आले. एन.सी.सी.मध्ये ‘थ्री नॉट थ्री’, म्हणजे हीच .303 रायफल, हाताळलेल्या कोणालाही ती ओळखता येईल. दस्त्याच्या टोकाची पितळी झडप उघडली की आत ही बाटली आणि तिच्याशेजारी गुंडाळलेला पुलथ्रू, म्हणजे एका टोकाला वजन असलेली दोरी, असे. दोरीच्या फासात चिंदी अडकवायची आणि ती नळीतून ओढून काढायची, हा सैनिकाचा रोजचा परिपाठ होता. या बाटलीतल्या तेलावर सैन्याने जितका विश्वास ठेवला, तितका ठेवण्याजोगे ते नव्हते, आणि त्याचे कारण रसायनशास्त्रात आहे.

जुन्या लष्करी बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीसाठी हाताने खटका मागे-पुढे ओढाव्या लागणाऱ्या, रायफली जमवणारे लोक जगभर आहेत. आपल्याकडे शस्त्र कायदा, 1959 लागू असल्याने आणि .303 हा निषिद्ध बोअर (नळीचा व्यास) असल्याने सामान्य नागरिकाला चालू स्थितीतील अशी रायफल बाळगता येत नाही. त्यामुळे येथील अभ्यासकाचे लक्ष कायमच्या निकामी केलेल्या किंवा संग्रहालयातील रायफलींकडे आणि त्यांच्या सुट्या सरंजामाकडे वळते. मला हे उणे वाटत नाही. रायफल चालवायची नसते तेव्हा ती नीट पाहता येते, आणि नीट पाहू लागले की पहिले लक्ष नळीकडे जाते. बाहेरून बंगालमधील ईशापूर कारखान्याचा शिक्का ठसठशीत, लाकूड सुस्थितीत, परंतु नळीत प्रकाश टाकून पाहिले तर आतील मळसूत्री खाचा काळ्या खड्ड्यांनी भरलेल्या, असे अनेकदा आढळते.

हे खड्डे गोळीच्या घासण्याने पडत नाहीत. त्यांचे मूळ काडतुसाच्या बुडाशी असलेल्या लहानशा टोपीत, म्हणजे प्रायमरमध्ये आहे. त्या काळच्या टोपीतील मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. काडेपेटीतील काडीच्या गुलातही हेच द्रव्य वापरतात, कारण तापल्यावर ते भरपूर ऑक्सिजन सोडते. ऑक्सिजन निघून गेला की मागे उरते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे स्वयंपाकघरातील मिठाचे सख्खे भावंड. प्रत्येक गोळीबरोबर या मिठाचा अतिसूक्ष्म थर नळीच्या पोलादावर बसतो आणि डोळ्यांना तो दिसत नाही.

श्रावणात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे प्रत्येक पुणेकर जाणतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की मीठ हवेतून पाणी ओढून घेते आणि त्यात स्वतःच विरघळते. साध्या मिठासाठी ही मर्यादा सुमारे 75 टक्के, तर पोटॅशियम क्लोराइडसाठी सुमारे 84 टक्के आहे, आणि पुण्यातील पावसाळी सकाळी तिथवर सहज पोहोचतात. मग नळीतील कोरड्या कणांच्या जागी खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब तयार होतात. लोखंडावरील संरक्षक ऑक्साइडचा पातळ पापुद्रा क्लोराइडचे आयन भेदतात. जेथे तो भेदला जातो तेथे लोखंड विरघळू लागते, त्या बारीक खड्ड्यात आम्ल तयार होते आणि आम्लामुळे आणखी लोखंड विरघळते. ही क्रिया स्वतःलाच खतपाणी घालत राहते, म्हणूनच गंज पृष्ठभागावर पसरण्याऐवजी पोलादात खोल उतरतो.

तेल येथे निरुपयोगी का ठरले, हे आता समजेल. मीठ तेलात विरघळत नाही. चिंदीने कितीही तेल चोळले तरी मिठाचे कण तेलाच्या थराखाली जागच्या जागी राहतात, आणि तेलाचा पातळ थर बाष्पाला पूर्णपणे अडवू शकत नाही. लखलखीत पुसून ठेवलेली नळी दोन-तीन दिवसांनी पुन्हा तांबूस दिसे, तेव्हा दोष सैनिकाच्या आळसावर किंवा नव्या धूरविरहित दारूवर ढकलला जाई.

दारूवरचा संशय अगदीच निराधार नव्हता. .303 काडतूस 1888 मध्ये आले तेव्हा त्यात काळी दारू होती आणि 1891 मध्ये तिची जागा कॉर्डाइट या धूरविरहित दारूने घेतली. कॉर्डाइट इतक्या प्रखर उष्णतेने जळे की नळीतील मेटफर्ड पद्धतीच्या उथळ, गोलसर खाचा झिजून जात, म्हणून 1895 मध्ये एनफिल्ड पद्धतीच्या अधिक खोल, चौकोनी खाचा स्वीकारल्या गेल्या. परंतु ही झीज होती, गंज नव्हे. काळ्या दारूची काजळी एवढी साचे की नळी पाण्याने धुण्यावाचून गत्यंतर नसे, आणि त्या पाण्याबरोबर टोपीतले मीठही वाहून जाई. कॉर्डाइटने काजळी कमी केली, पाण्याची सवय सुटली, तेलाची बाटली हाती आली आणि आजवर झाकलेला शत्रू उघडा पडला. मला ही साखळी या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधील विल्बर्ट हफ यांनी 1922 मध्ये तेलाच्या थराखाली होणाऱ्या या गंजावर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि टोपीतील क्लोरेटपासून बनणारे क्षारच त्यास जबाबदार असल्याचे दाखवून दिले. ब्रिटिश आणि हिंदी पलटणींत गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतण्याची शिस्त होती आणि ती शास्त्राला धरूनच होती. शंभर मिलिलिटर पाण्यात 20 अंश सेल्सिअसला सुमारे 34 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळते, तर उकळत्या पाण्यात सुमारे 56 ग्रॅम. शिवाय पोलाद इतके तापते की उरलेला ओलावा आपोआप उडून जातो. तेलाची पाळी त्यानंतरची. पुढे लेड स्टिफ्नेटवर आधारलेल्या, मीठ न सोडणाऱ्या टोप्या निघाल्या, तरी दीर्घ साठवणीत खात्रीने पेटणारी जुनी टोपी सोडण्यास लष्करे दीर्घकाळ कचरली.

आपल्या खडकीतील दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा आहे. त्याच्या .303 पुंगळ्यांच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचांच्या, बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही रोमन अक्षरे उमटवलेली असतात. पितळेतही या टोप्यांची खूण राहते. जुन्या मिश्रणात मर्क्युरी फुलमिनेट असे. त्यातील पारा पितळेत मुरतो आणि पुंगळी ठिसूळ होते.

लाकडाला मात्र तेल मानवते, पण योग्य तेल. चटणीच्या जवसाचेच तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट पापुद्र्यात बदलते आणि अक्रोडाच्या लाकडाला ओल्या हवेपासून बरेच सांभाळते. खनिज तेल तसे सुकत नाही, ते लाकडात मुरत राहते आणि लाकूड मऊ पडते. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत, कारण सुकताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने ती स्वतःहून पेट घेऊ शकतात.

माझ्या मते संग्राहकाची सर्वांत मोठी चूक म्हणजे खड्डे नाहीसे करण्यासाठी पॉलिश पेपर हाती घेणे. खड्डे बुजत नाहीत, आजूबाजूचे पोलाद मात्र झिजते आणि त्याबरोबर मुकुट, वर्ष व तपासनिसाचे शिक्के पुसले जातात. लाल गंज उकळत्या पाण्यात ठेवला तर त्याचे रूपांतर काळ्या, घट्ट मॅग्नेटाइटमध्ये होऊ शकते आणि तो पोलादाला धरून राहतो, एवढा उपाय बहुधा पुरतो. त्यानंतर कपाटात सिलिका जेल ठेवून आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली राखावी. मी जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर रविवारी कपाटातील आर्द्रतामापकाचा आकडा वहीत लिहितो आणि तो वर सरकला की जेलचे दाणे तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करतो.